दुसऱ्या खुर्चीवर कोणी नाही

मी संघटनेची पत्रकं लिहायचो. गेट-मीटिंगच्या आदल्या दिवशी सेक्रेटरी म्हणायचा, "उद्याला एक पान काढ, जळजळीत पाहिजे," की मी स्टेन्सिल घेऊन बसायचो. पहिल्या ओळीत प्रश्न, शेवटच्या ओळीत मागणी आणि मधल्या जागेत व्यवस्थापनाची बिनपाण्याने हजामत. वाचणाऱ्याचे कान तापले पाहिजेत, एवढं एकच तंत्र मला येतं. तेव्हा खालच्या मजकुरात कुठे आवाज चढला तर चढला. त्याला इलाज नाही.

विमान कंपनीच्या देखभाल विभागात मी तंत्रज्ञ होतो. कॉकपिटमधली दिशा, उंची, वेग दाखवणारी घड्याळं उघडायची, तपासायची, परत बसवायची, हे आमच्या शॉपचं काम. राहायला मरोळला, चाळीत. आई गावी घर सांभाळायची. इथे मी आणि बाबा. बाबांची गिरणी संपात गेली ती गेलीच. ते आता साकीनाक्याला एका कारखान्यावर वॉचमन होते. आमच्या दोन दारं पलीकडे माझा दोस्त राहायचा. तोही माझ्याच शॉपमध्ये. आम्ही एकत्र भरती झालो, एकाच बसने जायचो, एकाच डब्यातलं खायचो. त्याच्या आईने केलेलं सुकं मला आणि आमची आमटी त्याला, असा आमचा करार होता.

मग नवीन विमानं आली.

जुन्या कॉकपिटमध्ये तीन खुर्च्या. दोन वैमानिकांच्या आणि मागे, बाजूच्या पॅनलकडे तोंड करून, फ्लाइट इंजिनिअरची. नवीन विमानात खुर्च्या दोनच. तिसऱ्या माणसाचं काम कॉम्प्युटर करणार होता. आमची निम्मी घड्याळं गायब झाली होती आणि त्यांच्या जागी रंगीत पडदे होते. खाली, दोन वैमानिकांच्या मधे, छोटा कीबोर्ड आणि त्याला वहीच्या पानाहून लहान स्क्रीन. त्यात विमानाचा सगळा मार्ग भरायचा. भरला की समोरच्या पडद्यावर हिरवी रेघ उमटते आणि विमान त्या रेघेवरून जातं. एवढी गोष्ट, आणि तेवढ्यासाठी एका जातीच्या कामगाराची खुर्चीच उचकटून टाकलेली.

मी पत्रक काढलं. 'टीव्ही बघायला दोघे, विमान बघायला कोण?' चांगलं गाजलं. संघटनेने जाहीर केलं की माणसं किती ठेवणार ते लेखी ठरेपर्यंत आमच्यापैकी एकही जण नवीन यंत्रणेचं ट्रेनिंग घेणार नाही. शॉपमध्ये टाळ्या पडल्या. माझ्या सगळ्यात जोरात.

त्याच आठवड्यात सेक्रेटरीने मला अंधेरी स्टेशनजवळच्या उडप्याकडे बोलावलं. तो एकटाच होता. वडा मागवला, खाल्ला, मला विचारलंसुद्धा नाही. मग म्हणाला,

"तू आत जायचंस."

"कुठे आत?"

"ट्रेनिंगला. नाव दे तुझं."

"मी? बहिष्काराचं पत्रक मीच लिहिलंय ना!"

"म्हणूनच. टीव्ही-टीव्ही ओरडतोयस, ते डबडं नेमकं करतं काय हे तुला माहितीये? मला नाही माहीत. एकालाही नाही. उद्या बोलणी करायला बसलो की साहेब लोक चार इंग्रजी शब्द फेकतात आणि आपण माना डोलावतो. एक माणूस शिकून यायला हवा."

"मग तसा ठराव करा. जाहीर करा."

"जाहीर केलं तर पहिल्याच दिवशी तुला बाहेर काढतील. नाही रे. कमिटीतल्या तिघांना माहितीये, बास. तू तोंड उघडायचं नाहीस. घरीसुद्धा."

"आणि शॉपमधली पोरं?"

"पोरं जे करायचं ते करतील. तू मान खाली घाल. बोलणी झाली की मी स्वतः गेटवर उभा राहून सांगेन. माझा शब्द."

मी हो म्हणालो. छाती थोडी फुगलीही होती, खोटं कशाला सांगू. निवडला होता ना मला.

आमच्या शॉपमध्ये चहाची एक पद्धत होती. कॅन्टीनमधून किटली यायची आणि खिडकीखालच्या फळीवर प्रत्येकाचा काचेचा ग्लास असायचा. ज्याने संघटनेविरुद्ध पाऊल टाकलं त्याचा ग्लास पालथा घालायचे. भांडण नाही, शिवी नाही. ग्लास पालथा म्हणजे त्या माणसाशी बोलणं बंद, त्याच्या बाकावर बसणं बंद, त्याने पाना मागितला तर देणं बंद. मी आल्यापासून हे एकदाच झालेलं पाहिलं होतं. त्या गृहस्थाने शेवटी बदली मागून घेतली. मला तेव्हा ते फार बरोबर वाटलं होतं.

ट्रेनिंगच्या यादीवर माझं नाव लागलं. दुसऱ्या दिवशी फळीवर माझा ग्लास पालथा.

माझी अपेक्षा होती की दोस्त तरी येऊन विचारेल. 'काय रे, वाट लागली काय तुझी, हे काय केलंस?' असं काहीतरी. शिव्या घालेल, कॉलर धरेल. तो माझ्या शेजारच्या बाकावर घड्याळ उघडून बसला होता. मी म्हटलं, "ऐक ना." त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला, उठला आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसला. संध्याकाळी स्टॉपवर माझ्यापासून चार माणसं सोडून उभा होता. बस आली, मी चढलो. वळून बघतो तर तो खालीच. मागच्या बसने आला. मग रोज मागच्याच बसने येत राहिला.

ट्रेनिंगची खोली वेगळ्या इमारतीत. आत लाकडी फळ्यांचं खोटं कॉकपिट, पण पडदे आणि कीबोर्ड खरे. खुर्च्या दोन. वैमानिकांची पाळी वेगळी असायची, आमच्या पाळीला तंत्रज्ञ. म्हणजे मी. विमान जमिनीवर असताना ही यंत्रणा चालू करून, मार्ग भरून, सगळं नीट चालतंय ना ते बघून वैमानिकाच्या हाती द्यायची, एवढं काम आम्हाला शिकायचं होतं.

शिकवायला एक कॅप्टन होते. उंच, इस्त्रीचे, आवाज कधी न चढवणारे. पहिल्या दिवशी त्यांनी दुसऱ्या खुर्चीकडे बघितलं.

"तुमचा जोडीदार?"

"नाही, सर."

"हे दोघांचं काम आहे."

"माहीत आहे, सर."

"तुमच्या लोकांना नाही यायचं, असं दिसतंय." ते हसले नाहीत, पण पुढचं बोलणं हसण्यासारखंच होतं. "तुम्ही शहाणे निघालात."

हे ऐकून घ्यायचं. मी! ज्याने त्याच माणसाच्या खात्यावर पान भरून जाळ काढला होता, त्याने हे ऐकून 'थँक यू, सर' म्हणायचं. म्हणालो.

काम असं की सुरुवातीला यंत्राला सांगायचं, तू आत्ता कुठे उभा आहेस. विमान ज्या जागी लावलंय तिथले अक्षांश-रेखांश भरायचे आणि ते स्थिरस्थावर होईपर्यंत विमान हलवायचं नाही. यंत्राला स्वतःची जागा माहीत नसते, ती माणसानेच सांगावी लागते. चुकीची सांगितली तर पुढचं सगळं गणित त्या चुकीवर चढतं. मग मार्ग. निघायचा विमानतळ, पोचायचा विमानतळ आणि मधले बिंदू. काही बिंदूंना नावं असतात, ती यंत्राच्या पोटात आधीच असतात. समुद्रावरच्या काहींना नसतात, ते आकड्यांनी भरावे लागतात. टाइप केलेलं आधी सगळ्यात खालच्या ओळीत येतं. ते बघायचं आणि मग ज्या ओळीत घालायचं तिच्या शेजारचं बटण दाबायचं. दाबलं की ते वर जाऊन बसतं, आणि समोरच्या पडद्यावर रेघ एक टप्पा पुढे सरकते.

आणि नियम असा की एकाने कागदावरून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने भरायचं. भरून झालं की अदलाबदल. भरणाऱ्याने कागद घ्यायचा आणि वाचणाऱ्याने स्क्रीनवर काय दिसतंय ते मोठ्याने वाचायचं. जुळलं तर पुढे.

मीच वाचायचो. मीच भरायचो. मग कागद डाव्या हातात घेऊन मीच स्क्रीन वाचायचो. एसीचा घुं आवाज आणि माझा आवाज. दिवसभरात मी मोठ्याने जे काही बोलायचो ते एवढंच, अंश आणि मिनिटं, उत्तर आणि पूर्व. सुरुवातीला खालच्या आवाजात बोलायचो. मग मुद्दाम मोठ्याने बोलायला लागलो, गेटवर बोलावं तसं. "एकोणीस अंश उत्तर!" कोण ऐकणार? रिकामी खुर्ची. तिच्या पाठीला प्लॅस्टिकचं कव्हर अजून तसंच होतं.

घरी आणखी निराळं. दोस्ताच्या वडिलांकडून बाबांना कळलं होतं. एका संध्याकाळी हातपाय धुवायच्या आत त्यांनी विचारलं,

"तू आत जातंस?"

"ट्रेनिंग आहे, बाबा."

"भायर पोरां उभी आसत आणि तू आत जातंस. ह्या खरा काय नाय?"

मी चपला कोपऱ्यात सारल्या.

"आमी संपात घरातली भांडी इकली. पण गेटाच्या आत पाय ठेवूक नाय. आणि माझो झील साहेबाच्या एसीत बसता. लाज वाटता माका चाळीतून चलाची."

मला सांगता आलं असतं. चार शब्दांचं काम होतं. पण घरीसुद्धा नाही, असा शब्द दिलेला. मी भिंतीकडे बघत राहिलो. बाबांनी ताटं घेतली, दोन्ही. माझ्या पुढ्यात भात ओतला तो जवळजवळ आपटलाच.

"हात धू. आमटी निवली."

हे रोज. मी आलो की शिव्या, शिव्या संपल्या की ताटं. त्यांची पाळी लवकर सुटायची, त्यांना आधी जेवता आलं असतं. कधी जेवले नाहीत. मी येईपर्यंत थांबायचे, मग बोलायचे, मग आम्ही जेवायचो. मला त्या शिव्या आवडायला लागल्या होत्या. पूर्ण वाक्यं असायची ती आणि माझ्याकडे बघून बोललेली असायची.

ट्रेनिंग निम्मं झालं तेव्हाची गोष्ट. कॅप्टननी आखाताकडे जाणारा एक मार्ग दिला. मधले काही बिंदू समुद्रावर, आकड्यांनी भरायचे. मी भरले. नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचले, परत स्क्रीनवरून वाचले, कागदाशी जुळवले. जुळले. पडद्यावर हिरवी रेघ सरळ पश्चिमेकडे गेली होती. मी खूष.

कॅप्टन आले, रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"झालं?"

"झालं, सर."

"तपासलं?"

"दोनदा."

त्यांनी पडद्याची पद्धत बदलली. एरवी पडद्यावर विमान खाली असतं आणि त्याच्या पुढ्यातला थोडाच मुलूख दिसतो. एक दुसरी पद्धत असते, त्यात पूर्ण मार्ग नकाशासारखा एकेक बिंदू पुढे सरकवत बघता येतो. त्यांनी सरकवला. एक, दोन. तिसऱ्याला रेघ एकदम लांब उडी मारून पुढे गेली आणि तिथून वळून परत मागे आली.

"हा बिंदू कुठे आहे?"

"समुद्रावर, सर."

"वाचा."

मी स्क्रीन वाचली. "पासष्ट पूर्व."

"परत वाचा."

"पासष्ट..." आणि मग मला दिसलं. छप्पन्न होतं. पाच आणि सहा उलटे पडले होते. समुद्रातला बिंदू मी ओमानच्या वाळवंटात नेऊन ठेवला होता. दोनदा तपासला होता आणि आत्ता, त्यांच्यासमोर, तिसऱ्यांदा छप्पन्नाकडे बघत पासष्ट म्हणालो होतो.

"यंत्राने काही म्हटलं नाही?" मी विचारलं.

"काय म्हणणार? पृथ्वीवर नसलेला आकडा दिलात तर ते नाकारतं. हा आकडा पृथ्वीवर आहे." त्यांनी पडदा पुन्हा नेहमीच्या पद्धतीवर आणला. "तुमचा दोष नाही. एकटा माणूस स्वतःचं लिहिलेलं वाचत नाही, स्वतःच्या मनातलं वाचतो. म्हणून तर दुसरी खुर्ची."

व्यवस्थापनाचा माणूस आमचाच मुद्दा बोलून गेला होता आणि त्याला ते कळलंही नव्हतं. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. कारण वाळवंटातला तो बिंदू पहिल्याच वाचनाला पकडणारा माणूस माझ्या ओळखीचा होता. आकडे वाचताना तो प्रत्येक आकडा सुटा वाचायचा, पाच, सहा, असा, आणि मी त्यावरून त्याची टिंगल करायचो. तो त्या वेळी समोरच्या इमारतीत, माझ्यापासून हाकेच्या अंतरावर, दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होता.

हे मी सेक्रेटरीला सांगितलं. भेट कशी, तर बसस्टॉपवर दोघांनी दोन दिशांना तोंडं करून. यंत्र अशक्य चूक नाकारतं, शक्य असलेली चूक मुकाट्याने घेतं. ती चूक फक्त दुसऱ्या माणसाच्या डोळ्याला दिसते. मागणी हीच करा की जमिनीवर असो नाहीतर हवेत, हे काम एकट्या माणसाकडून करून घ्यायचं नाही. त्याने रस्त्याकडे बघत विचारलं, "आणि तिसरी खुर्ची?"

"तिसरीसाठी भांडा. पण दुसरीचं लेखी घ्याच."

"झकास," तो म्हणाला आणि रिक्षात बसून गेला.

बोलणी झाली. तिसरी खुर्ची गेली. कायमची गेली, उगाच विजयाचे ढोल वाजवण्यात अर्थ नाही. फ्लाइट इंजिनिअर जुन्या विमानांवर राहतील, पुढचं पुढे. जमिनीवरच्या कामाला मात्र प्रत्येक वेळी दोन तंत्रज्ञ, एक वाचणारा, एक भरणारा, हे लेखी मिळालं. बहिष्कार उठला. गेटवर सभा झाली. सेक्रेटरी बोलला, भरपूर बोलला. माझ्याबद्दल चकार शब्द नाही. खाली उतरल्यावर मी त्याला गाठलं.

"शब्द दिला होतास."

"अरे, आत्ताच समेट झालाय. आपण आत माणूस घातला होता हे गेटवर सांगू? समजून घे ना यार."

"मग मी सांगतो."

"सांग. मी अडवत नाही."

मी तसाच शॉपमध्ये गेलो. किटली आली होती, सगळे फळीशी उभे होते. मनात भाषण तयार होतं. प्रश्न, पुरावा, मागणी. माझी मागणी एकच होती, की यांना लाज वाटावी. मी म्हणालो, "सगळे ऐका. मला ट्रेनिंगला कमिटीने पाठवलं होतं. मी फुटलो नव्हतो. बहिष्कार चालू असताना मला तुमच्याच संघटनेने आत धाडलं होतं."

कुणी दचकलं नाही. एकाने किटली खाली ठेवली. एकजण खिडकीबाहेर बघायला लागला. शेवटी दोस्तच बोलला.

"माहीत होतं रे."

"काय माहीत होतं?"

"हेच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच कळलं. कमिटीतला कुणीतरी बोलला."

"कुणाला कळलं?"

त्याने हाताने एवढंसं वर्तुळ केलं. सगळ्यांना, असं.

"मग ग्लास?"

"तुझ्याशी बोललो असतो तर मॅनेजमेंटला कळलं असतं ना. खरं वाटायला नको? तुझ्यासाठीच केलं यार." आणि मग हसून, "साल्या, तुझं तोंड बघण्यासारखं असायचं. नाटकात घालायला हवा तुला."

दोघं-तिघं हसले, मनापासून. वाईट माणसं नव्हती. एकाने फळीवरचा माझा ग्लास सुलटा करून खांद्यावरच्या फडक्याने पुसला, चहा ओतला आणि पुढे केला. मी घेतला. खूप गोड होता.

माझ्या सगळ्या पत्रकांमध्ये शत्रू कोण हे पहिल्या ओळीत कळायचं. इथे मला तो सापडेना. त्यांनी शिस्त पाळली होती. इतकी चोख की त्यात फटही नव्हती. एकदा सगळे गेल्यावर बाकाशी येऊन कानात 'माहितीये रे' एवढं म्हणायला कुणाचं काय गेलं असतं? कागदावर लिहून बोळा करून टाकला असता तरी चाललं असतं. कुणालाही सुचलं नाही, की सुचलं आणि शिस्तीत बसलं नाही, कोण जाणे.

संध्याकाळी बाबांनी सुरुवात करायच्या आधीच मी सांगून टाकलं. ते ताट हातात धरून ऐकत राहिले.

"म्हणजे तू फुटलंस नाय?"

"नाही."

"आणि ह्या त्या पोरांका म्हायत हुता?"

"सगळ्यांना."

"म्हायत आसान बोलणत नाय हुती?"

"हो."

त्यांनी ताट खाली ठेवलं. मग चुलीकडे वळून म्हणाले, "मी उगाच गाळी घातलंय तुका." आणि भात वाढला, या वेळी हळूच.

ज्याला मी खरोखर गद्दार वाटत होतो तो एकटा माणूस रोज माझ्यासाठी जेवायचा थांबला होता. हे मला बाबांना सांगायचं होतं. आमच्याकडे असलं बोलत नाहीत. मी आणखी आमटी मागितली.

पुढच्या आठवड्यापासून ट्रेनिंगची रांग लागली. ते यंत्र चालवता येणारा तंत्रज्ञ मीच एकटा, त्यामुळे शिकवायलाही मी. पहिल्या जोडीला दोस्त आला. दुसऱ्या खुर्चीवर बसला. प्लॅस्टिकचं कव्हर चुरचुरलं, तेव्हा तो म्हणाला, "नवीकोरी आहे रे." मी त्याच्या हातात मार्गाचा कागद दिला आणि नियम सांगितला. तू वाच, मी भरतो, मग अदलाबदल.

त्याने वाचायला सुरुवात केली. सुटे आकडे, एकेक, जसे तो वाचायचा. एक, नऊ. शून्य, पाच. मी भरत गेलो. समोर रेघ पुढे सरकत होती. चार-पाच बिंदू झाल्यावर तो थांबला.

"किती दिवस राग धरणार आहेस?"

माझी बोटं कीबोर्डवर होती.

"बोल ना यार काहीतरी. शिव्या घाल पाहिजे तर."

मला घालायच्या होत्या, अगदी पानभर. पण त्याच्याशी न बोलायची मला इतकी सवय झाली होती की तोंडात काही येईना. जे येत होतं ते त्या खोलीत शिकलेलं होतं.

"पुढचा वाच," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने कागद वर धरला आणि वाचला. मी भरलं. त्याने स्क्रीन वाचली, मी कागद बघितला. बरोबर होतं.